वखारीतले उंदीर

पारमितानं भटक्या मांजरांना अख्ख्या बेळगावात घरं शोधून दिली. तीन पायांची एक मांजर तेवढी आठ महिने उरली होती. मग एके दिवशी निपाणीहून तंबाखूच्या वखारीचे मालक सत्याप्पा आले.

"वखारीत उंदीर लई झाल्यात, मॅडम. मांजर पायजे."

"हिला धड पळता येत न्हाय, आप्पा. उंदीर काय धरणार?"

"बसल्या जागी दरारा ठेवंल की!" असं म्हणत त्यांनी पिशवीतून नवीकोरी दुलई काढली आणि मांजरीला अलगद गुंडाळलं.

पारमिताची आई तीस वर्षं अशाच वखारीत राबलेली. तंबाखूला उंदीर तोंड लावत नाहीत, हे पारमिताला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं हात जोडले.

"घरातबी येत असतील उंदीर, आप्पा. हिला उशाशी घेऊनच झोपत जावा."