हिरवा गिअरबॉक्स

"काका, बोईसरवाले ऑर्डर दिल्यावर आधी काय बदलतात?" सुरुचीने विचारलं.

"शाफ्ट. मग मोटारीचे पाय," जयवंतकाका म्हणाले. "ऑगस्टीन साहेब पहिल्या ड्रॉइंगवर कधी थांबलेत?"

तिने ते कॉम्प्युटरला भरवलं. वसईच्या त्या गिअरबॉक्सच्या कारखान्यात वीस वर्षं काकांचं हेच काम होतं. गिऱ्हाईक मध्येच काय बदलायला सांगेल ते ओळखायचं आणि तेवढं काम थोपवून धरायचं. आता सुरुचीचा प्रोग्रॅम जुनी बदलपत्रं वाचून तेच शिकत होता.

हर्षवर्धन शेठनी परीक्षा ठेवली. बोईसरच्या नव्या ऑर्डरीत कोणते तीन बदल येतील ते कॉम्प्युटरने आधीच सांगायचं. कागद पाकिटात, पाकीट शेठच्या कपाटात. महिन्याने उघडायचं. बरोबर निघालं तर काकांना निरोप, चुकलं तर सुरुचीला.

शेठना दोघांचे पगार डोळ्यांत खुपत होते, एवढाच त्याचा अर्थ.

काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. या वयात त्यांना दुसरीकडे कोण ठेवणार? वडिलांची कंपनी बंद पडल्याचं सुरुची एकदा बोलून गेली, तेव्हापासून काका आपल्या डब्यातली अर्धी भाजी तिच्या झाकणात वाढत. त्यांचंच खायचं, त्यांच्याकडूनच शिकायचं आणि त्यांनाच घरी बसवायचं. 

कॉम्प्युटरने उत्तर दिलं. शाफ्ट, मोटारीचे पाय, तेलाची पातळी बघायची खिडकी. अगदी काकांसारखं.

सुरुचीने ते पुसलं आणि मनाला येईल ते टाइप केलं. रंग हिरवा. नावाची पट्टी डावीकडे. झाकणाला दोन जादा कड्या. बोईसरवाल्यांनी असलं काही जन्मात मागितलं नव्हतं. आपली नोकरी गेली तर गेली.

प्रिंटर काकांच्या टेबलाशी होता. कार्बनचा दुपदरी कागद करकरत बाहेर आला. वरची प्रत फाडून तिने पाकिटात घातली, खालची प्रिंटरलाच राहिली.

महिना संपता संपता बोईसरहून एकाच दिवशी तीन फॅक्स आले. सुरुची त्या दिवशी रजेवर होती, म्हणून तिने ते पाहिले नव्हते. शेठनी सगळ्यांसमोर पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं.

"रंग हिरवा. बरोबर! पट्टी डावीकडे. बरोबर! दोन कड्या. कमाल आहे पोरी!"

सुरुची घाईने पुढे आली. "शेठ, हे कॉम्प्युटरने नाही सांगितलं. मी..."

"अगं, घाबरतेस काय? जिंकलीस!" काकांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. ते शांतपणे टेबलाचा खण रिकामा करायला लागले. तिला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात काकांच्या टेबलावरचा फोन वाजला. तिनेच उचलला.

"ऑगस्टीन बोलतोय, बोईसरहून. जयवंताला निरोप द्या," पलीकडून आवाज आला. "म्हणावं, हिरव्या रंगावरून आमचा मॅनेजर जाम हसला, पण तू सांगितलेले तिन्ही बदल मी पाठवले. त्या पोरीची नोकरी वाचली ना?"