बोटभर पट्टी

धाकट्या भावाचा खोकला हटता हटेना, तरी संगणकाने दोनदा छातीचा एक्स-रे नॉर्मल ठरवला होता. आज डॉक्टरांनी स्वतः फिल्म उजेडावर धरली आणि वरच्या कडेला, छापील नावाच्या खाली, वाटाण्याएवढा पांढरा डाग बहिणीला दाखवला. "मशीनला दिसला कसा नाही?" तिने विचारलं. डॉक्टर अवघडून म्हणाले, "प्रोग्राम तुमच्याच पद्धतीचा आहे, मॅडम. सगळीकडे तोच चालतो." वीस वर्षांपूर्वी संशोधनात रुग्णांची नावं फुटू नयेत म्हणून तिनेच प्रत्येक चित्राची वरची बोटभर पट्टी छाटायला मशीनला शिकवलं होतं; पुढे जगाने डोळे झाकून तिचीच री ओढली. तिने फिल्मवर आडवं बोट ठेवलं. नाव झाकलं, डागही झाकला. पडद्यामागून भाऊ शर्टाची बटणं लावत आला. "डॉक्टरांचं राहू दे, ताई," तो हळूच म्हणाला, "तुझं मशीन काय म्हणतंय?"