चोराला खरं सांगायचं नाही

"जन्मतारीख सांगा," फोनवरचा माणूस म्हणाला.

"एकतीस फेब्रुवारी," भिकमचंद म्हणाले.

पलीकडच्याने ती निमूट लिहून घेतली. भांड्यांच्या दुकानात हशा पिकला. जुना नोकर हेमराज हातातला डबा खाली ठेवून ऐकू लागला.

"आईचं नाव?"

"तुझ्या आईचं आहे तेच लिही." त्यापुढे भिकमचंदांनी चार अस्सल शिव्या हासडल्या आणि फोन ठेवला.

असा फोन आला की कट करायचा, बस, असं त्यांचा मुलगा अखिल सांगून थकला होता. पण नुसतं कट करून भिकमचंदांचं समाधान होत नसे. मागच्या वर्षी एका गोड आवाजाच्या बाईने बोलण्यात गुंतवून त्यांच्याकडून कोड काढून घेतला होता. फोनमधली सगळी नावं तिच्या हाती लागली आणि भिकमचंदांच्या नावाने चाळीसगावभर पैशाची मागणी गेली. व्याह्यांकडेसुद्धा. ती लाज अजून त्यांच्या मनातून जात नव्हती. तेव्हापासून त्यांनी नियमच केला होता, चोराला खरं काही सांगायचं नाही. खोटं सांगायचं, त्याचा वेळ खायचा आणि शेवटी त्याची इज्जत काढायची.

फोन पुन्हा वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी स्पीकर लावला.

आधी नुसत्या बांगड्या किणकिणल्या. मग एका बाईचा दबका आवाज आला.

"बाबूजी... मी विधी."

भिकमचंदांनी हेमराजला डोळा मारला. विधी म्हणजे त्यांची सून. लग्नाला तीन वर्षं झाली, पण सासऱ्यासमोर तिने अजून तोंड उघडलं नव्हतं. पदर पुढे ओढलेला असायचा आणि आमटी हवी का, हेही ती सासूमार्फत विचारायची. गावातल्या इतर मारवाडी घरांनी ही रीत कधीच सोडली होती. भिकमचंदांच्या घरी पाळली जात होती आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

"बोला सूनबाई," ते म्हणाले. "आज बरी वाचा फुटली."

"मम्मीजींना खूप ताप चढलाय, शुद्धीवर नाहीत. दवाखान्यात आणलंय. ह्यांचा फोन बंद लागतोय. डॉक्टर विचारतायत, त्यांना कुठलं इंजेक्शन चालत नाही का?"

भिकमचंद हरखले. हा प्रकार नवीन होता.

चौदा वर्षांपूर्वी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन त्यांच्या बायकोला, लाडकुंवरला असं बाधलं होतं, की तिचा श्वासच कोंडला. अखिल तेव्हा होस्टेलला होता. भिकमचंद तीन दिवस तिच्या उशाशी बसून होते आणि कोणी बघत नाही असं पाहून रडले होते. ती गोष्ट त्यांनी घरात कधी काढली नाही. या चोरटीला तर मुळीच सांगणार नव्हते.

"पेनिसिलिन द्या म्हणावं," ते गंभीरपणे म्हणाले. "तिला तेच मानवतं."

"नक्की ना, बाबूजी?"

"चाळीस वर्षांचा संसार आहे आमचा. मला नाही कळणार?"

"बरं," बाई म्हणाली आणि फोन घाईघाईने बंद झाला.

शिव्या राहूनच गेल्या. भिकमचंदांनी चडफडत नंबर ब्लॉक केला.

"बरं करं शेठ," हंडा घ्यायला आलेली तानुबाई म्हणाली. "बठ्ठा चोर शेतस." सगळे चोरच असतात, हे बाकीच्या गिऱ्हाइकांनाही पटलं.

हेमराज मात्र घुटमळला. "शेठजी, एकदा शेठाणींना फोन लावून बघायचा का?"

"पर्युषण आहे. आठ दिवस ती फोनला शिवत नाही, कपाटात ठेवून गेलीय. धुळ्याला सुनेबरोबर महाराजसाहेबांच्या प्रवचनाला बसली असेल, आणि सुनेचा नंबर मी कशाला ठेवू? तू हंडा बांध."

हेमराजने हंडा बांधला.

अर्ध्या तासाने अखिल शिरपूरला माल पोचवून परतला. वाटेत त्याचा फोन बंद पडला होता. आल्या आल्या त्याने तो चार्जिंगला लावला आणि घटाघटा पाणी प्यायला.

"आज एका चोरट्या बाईला असं गंडवलं, विचारू नकोस," भिकमचंद म्हणाले. "जन्मभर लक्षात ठेवील."

"कट करायचा हो, बाबूजी. किती वेळा सांगू? नंबर द्या, सायबरवाल्यांना कळवून टाकतो."

फोन सुरू झाला होता. भिकमचंदांनी चष्मा लावला आणि एकेक आकडा खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. अखिल एकेक आकडा दाबत गेला. सातव्या आकड्याला त्याच्या स्क्रीनवर नाव आलं: विधी.