दोघांची खोली

बायको, चतुराबाई, गेल्याचं कळलं तेव्हा बिभीषण फोनवर सरपणाची चौकशी करत होता. मालवणच्या अलीकडे समुद्राकाठी राऊळबाईंच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या होत्या. त्यातली एक नवरा-बायकोनं श्रावणात दोन दिवसांसाठी सांगून ठेवली होती.

"बाई, पावसात सरपन वलं असंल न? का हितनंच बांधून आनू? पीठ, तवा, ताडपत्री घिऊनच येतोय आमी."

घराबाहेर पडायचं तर चूल सोबत न्यायची, एवढंच त्याला ठाऊक. दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचं, उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी घालून राहायचं, उन्हाळा लागला की परत यायचं. दुसरा प्रवास त्यांनी कधी केलाच नव्हता. पलीकडं राऊळबाई हसत होत्या. तेवढ्यात युसूफ वडगाव या गावच्या बाजारातून चुलतभाऊ भागवत मोटारसायकल पळवत आला.

"दादा, फोन ठिव. वहिनी बाजारात चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात नेलं, पर न्हाई राहिल्या."

बिभीषणनं फोन ठेवला नाही. तो हातातून गळून ओट्यावर पडला आणि तसाच चालू राहिला. राऊळबाईंनी सगळं ऐकलं.

दहावं-तेरावं झाल्यावर त्यांचाच फोन आला. "खोली तुमच्या नावानं तशीच आहे. यावंसं वाटलं तर या. नाही आलात तरी ती मी दुसऱ्या कुणाला देणार नाही."

जिचं तोंड पाहिलं नाही त्या बाईनं एवढं करावं, यानंच बिभीषणला भरून आलं.

भावकीला मात्र हे पटलं नाही. "बायको जाऊन महिना न्हाई झाला आन ह्यो फिराया चालला," चुलता म्हणाला. "ते बी पावसात. पावसात समुद्र कोन बघतंय बे?"

पावसातच का, ते चतुराबाईनं आधीच सांगून टाकलं होतं. बाकीचं वर्ष उसाचं आणि रानाचं. खुरपणी उरकल्यावरचे चार दिवस तेवढे आपले.

पण लोक बोलतात म्हटल्यावर बिभीषणचं मन कचरलं. राऊळबाईंना नको म्हणून कळवावं, असं त्यानं ठरवलं. दगडाबाई कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती चतुराबाईची आई. बिभीषणची सासू आणि आधीच्या नात्यानं मामी. सगळ्यात जास्त राग तिलाच येणार, असं जो तो धरून चालला होता.

"खोली दोघांची हाय न?" ती म्हणाली. "मग अर्धा कोयता कुटं जात असतोय का? मी येते."

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला मुकादम सहसा टोळीत घेत नाही. दगडाबाईचा नवरा गेला तेव्हा कोयता पुरा करायला कोवळी चतुराच तिच्या जोडीला फडात उभी राहिली होती. हे सगळ्यांना माहीत होतं.

दोन एसट्या बदलून ती दोघं पोचली तेव्हा दिवस मावळला होता आणि पाऊस धो धो पडत होता. समुद्र सुरूच्या झाडांमागं नुसता ऐकू येत होता. पडवीत पाय ठेवल्याठेवल्या दगडाबाईनं पिठाचं गाठोडं सोडलं.

"चूल कुटं मांडू, बाई?"

राऊळबाईंनी तिचा हात धरून तिला पाटावर बसवलं. समोर ताट ठेवलं. भात, काळ्या वाटाण्याची आमटी, सोलकढी. दगडाबाई अवघडून उठायला लागली. "तुमी बसा की. मी वाढते."

"नाही हो मावशी. चतुराताईंना शब्द दिलाय मी."

"कसला शब्द?" बिभीषणनं विचारलं. "ती समुद्राचंच इचारत असंल. लई फोन करायची तुमाला."

"समुद्राचं एकदाही विचारलं नाही. दर वेळी एकच. जेवायला खरंच तुम्ही वाढणार ना? आणि सकाळी उशिरापर्यंत झोपलं तर चालतं ना?"

दगडाबाई लेकीच्या वाट्याचं ताट सावकाश जेवली. आमटी दोनदा मागून घेतली.

दुसरा दिवस सगळा पावसात गेला. लाटांचा आवाज पार अंगणापर्यंत येत होता. किनाऱ्यावर कुणाला जाऊ देत नव्हते. वाढलेलं जेवून झालं की दर वेळी बिभीषण राऊळबाईंना हात जोडायचा. त्या म्हणायच्या, "अहो, पुरे आता. मी काय देवी आहे?"

निघायच्या सकाळी लख्ख उघडलं. राऊळबाई लगबगीनं आल्या. "मावशींना उठवा. पाच मिनिटांवर समुद्र आहे, जाऊन याल. नंतर गाडी गाठायची आहे."

बिभीषण खोलीच्या दारात गेला. दगडाबाईच्या अंगावर ऊन आलं होतं आणि ती तोंड उघडं टाकून घोरत होती. दिवस उगवायच्या आत भाकरी थापून फडात उभं राहण्यात तिचा जन्म गेला. तिच्या लेकीचाही. ऊन वर आल्यावर झोपलेली त्या घरातली बाई तो पहिल्यांदाच बघत होता.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. पडवीत चार कोंबड्या कलकलत आल्या, त्या त्यानं हातानंच, आवाज न करता हाकलल्या. मग उंबऱ्यावर बसला. बसल्याबसल्या त्यानं राऊळबाईंचे, मामीचे आणि ही खोली शोधून काढणाऱ्या चतुराबाईचे मनोमन उपकार मानले.

गाडी घाटाला लागली तेव्हा भागवतचा फोन आला. "दादा, कसा हाय बे समुद्र?"

"बघायचा राहिला," बिभीषण म्हणाला.