फियाटच्या मागे

फियाट त्याच चौकाला पुन्हा वळसा घालत होती आणि तिच्यामागे आमच्या कार क्लबच्या सगळ्या गाड्या फिरत होत्या. क्लब सुरू झाल्यापासून दिवाळीच्या सुट्टीतली ट्रेझर हंट फियाटवाले हळबेकाकाच जिंकत आलेत. त्यामुळे चिठ्ठीतलं कोडं सोडवायच्या भानगडीत कोणी पडतच नाही, सरळ त्यांच्या मागे सुटायचं.

“अहो, उत्तर पाण्याची टाकी आहे,” शेजारून बायको म्हणाली.

“गप गं. काकांना कळत नाही होय?”

पुढच्या फेरीला फियाट मध्येच थांबली. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. काका उतरले आणि एवढ्या गाड्या बघून गांगरले.

“मी तुमच्यातल्या कोणाच्या तरी मागे जाणार होतो,” ते म्हणाले. “कोडी आमची ही सोडवायची. मी नुसती गाडी चालवायचो.”

श्रावणात काकूंना स्मशानात पोचवायला आम्ही सगळे गेलो होतो. तरी हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

बायको उतरली. फियाटचं डावं दार उघडून, सीटवरचा काकूंचा चष्मा उचलून आत बसली.

“काका, डावीकडे घ्या.”

फियाट निघाली. मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि मागोमाग गाडी काढली.