तीन जोड सँडल

“मागे पट्टा हवा, तळ जाड हवा, पुढे बोटांना जागा हवी. आणि सोनूबाई, अनवाणी एक पाऊलसुद्धा नाही. शुगर आहे तुम्हाला. पायात काच घुसली तरी कळायची नाही.”

डॉक्टरांचं हे बोलणं कानात ठेवूनच ऋता सासूला, नवऱ्याला आणि लेकीला दादरच्या दुकानात घेऊन आली होती. मुद्दाम संध्याकाळी. दिवसभर चालून पाय जरा फुगतो, तेव्हाचं माप खरं. रविवारी पहाटे चौघं एकवीरेच्या डोंगरावर निघणार होती. तीन वर्षांनी.

सलोनी एका जागी उभी राहील तर शपथ. पहिलाच जोड पायात अडकवून ती दुकानाच्या पायऱ्या चार वेळा चढली, चार वेळा उतरली. “पप्पा, बघा, घसरतच नाय!”

दीपेशनं वेल्क्रोचे पट्टे खर्रकन उघडले, लावले, पुन्हा उघडले. “हे बोटीवरपन चालतील.”

“बोटीवर घाल नि तेच घालून डोंगर चढ. मासळीचा वास देवळापर्यंत जाईल,” सोनूबाई म्हणाल्या.

“देवीला सवय हाय, आये. अर्धी गर्दी आपल्याच लोकांची.”

दुकानातली दोन अनोळखी गिऱ्हाइकंही हसली.

सोनूबाईंचं लक्ष मात्र कामावर होतं. मार्केटात बायका त्यांचं पापलेट दाबून बघतात, तसा त्या एकेका सँडलचा तळ अंगठ्यानं दाबत होत्या. मग वाकवायच्या. बोटांपाशी वाकली तर मांडीवर, मधोमध वाकली तर परत. शिवण न दिसता नुसता गोंद दिसला, की नाक मुरडायच्या.

“मावशी, सँडल आहे ती,” दुकानदार राजेश म्हणाला. “कल्ले उघडून काय बघताय?”

“तुझी बायको माझ्याकडं येते, ती मला इचारून दाबते काय?”

लेकाचे झाले. नातीचे झाले. राजेश खाली बसला आणि त्यानं सोनूबाईंचा पाय मागितला, तशा त्या स्टुलावरून उठल्याच.

“माझं राहू दे. घरी हायेत.”

“कुठल्या? त्या मार्केटातल्या रबरी?” दीपेश म्हणाला.

“हायेत म्हटलं ना!”

ऋताला काय ते समजलं. ऑक्टोबरच्या वादळात दीपेशची बोट दोन दिवस सापडत नव्हती, तेव्हा देव्हाऱ्यापुढे सासू काय बोलल्या ते तिनं दाराआडून ऐकलं होतं. माझा पोर घरी आन, आई, अनवाणी तुझ्या पायऱ्या चढीन. तिसऱ्या दिवशी बोट आली. नवसाचं मात्र घरात कुणालाच सांगितलं गेलं नाही.

तिनं सासूंचा हात धरून त्यांना आरशाजवळ नेलं.

“आई, तुमचा नवस मला ठाऊक आहे.”

सोनूबाईंनी पदराचं टोक ओठांवर धरलं. “मंग डॉक्टरचं नाव काढू नको. पाय गेला तर गेला. शब्द नाय जायचा.”

“शब्द नाहीच जाणार. मी चढते ना अनवाणी.”

“बोलले मी. पाय तुझे कशे चालतील गो?”

“ह्यांना गोवर झाला तेव्हा नवस आजेसासूबाई बोलल्या होत्या. फेडला कुणी?”

सोनूबाईंनीच फेडला होता. दीपेशला कडेवर घेऊन.

“आणि आई,” ऋताचा आवाज आणखी खाली गेला, “परत आला तो नुसता तुमचाच मुलगा नव्हता.”

सोनूबाई वळल्या, स्टुलावर धप्पकन बसल्या आणि पाय पुढे केला.

“काढ रे राजेश, सगळ्यात रुंद काढ. आनि मातकट रंग नको. म्हातारीचा वाटतो.”

खोक्यांवर खोकी उघडली. एका जोडात करंगळी चेपत होती, दुसऱ्यात टाच सटकत होती. सोनूबाई प्रत्येक वेळी “बरी हाय” म्हणायच्या, कारण त्यांच्या पायाला काही सांगताच येत नव्हतं. म्हणून ऋता खाली बसून स्वतःची बोटं पट्ट्याआत घालत होती, कडेकडेनं फिरवत होती. कुठे घासतंय, कुठे दाबतंय, ते तिची बोटं सांगत होती.

तिसरा जोड मरून. पुढे ऐसपैस, मागे पट्टा, टाचेखाली मऊ गादी. ऋताची बोटं सगळीकडून मोकळी फिरून आली.

सोनूबाई उठल्या. दाराशी गेल्या, वळल्या, परत आल्या. पुन्हा निघाल्या, या वेळी भरभर. कमरेवर हात ठेवून मध्येच एक गिरकीही घेतली.

“आजी, रेस लावूया?” सलोनी ओरडली.

“डोंगरावर लाव! हितं हरलीस तर रडशील.”

राजेशनं घाम पुसला. “आता वहिनी, तुमचा नंबर सांगा.”

“मला नकोत,” ऋता म्हणाली.

“अगं, घे की, तुझंच राहिलंय,” दीपेश म्हणाला, तोवर सलोनीनं त्याला हात धरून बाहेर ओढलं. तिला नव्या सँडल घालूनच घरी जायचं होतं. आजीलाही. रिकामी खोकी दुकानातच राहिली.

तिघं फुटपाथवर पुढे निघाली. सोनूबाई सगळ्यांच्या पुढे होत्या.

ऋता दुकानाच्या पायरीवर थांबली. तिनं आपल्या चपला काढल्या, तळाला तळ लावून पिशवीत ठेवल्या. रविवारला अजून चार दिवस होते, आणि तळव्यांना सवय नव्हती. दिवसभर तापलेली फरशी अजून निवली नव्हती. तिनं पाऊल टेकवलं. बोटं आखडली. ती सैल होईपर्यंत तिनं वाट पाहिली, मग दुसरं पाऊल टाकलं आणि तिघांच्या मागे चालू लागली.