कोरमला एक कमी

"या, या! तुमचीच वाट बघत होतो!" असं म्हणत एका ढेरपोट्या माणसानं हाताला धरून खुर्चीत बसवलं, तेव्हा उस्ताद गारच पडला. दारू सोडायला आलेल्या माणसाचं एवढं स्वागत? तीस वर्षं नेमानं हजेरी लावूनही बारमध्ये कुणी त्याच्यासाठी कधी जागचं हललं नव्हतं.

उस्ताद म्हणजे सलूनवाला. तीस वर्षं लोकांच्या गळ्यावरून सफाईनं वस्तरा फिरवायचा, म्हणून उस्ताद. सकाळी हात थरथरायचे, दोन घोट घेतले की थांबायचे. हा उपाय त्याला अगदी शास्त्रीय वाटायचा. दीड महिन्यापूर्वी मात्र चार घोट घेऊनही हात थांबेनात, आणि एका गिऱ्हाइकाच्या कानाला चांगलाच वस्तरा लागला. त्याच आठवड्यात लेक बाळंत झाली. नातीला घ्यायला हा हात पुढे करून उभा, आणि लेकीनं बाळ छातीशी घट्ट धरलं.

"अप्पा, लोक तुमच्या हातात गळा देतात, तो त्यांचा प्रश्न. मी बाळ देणार नाही. आधी त्या मीटिंगला जा. चार अनोळखी माणसांसमोर तोंडानं कबूल करा आणि मग या."

उस्तादची होती नव्हती ती सगळी उतरली. तरी पाच रविवार तो नुसता पत्त्याचा कागद खिशात घालून फिरला. सहाव्या रविवारी दोन बस बदलून, ओळखीचं कुत्रंही भेटणार नाही अशा गल्लीत येऊन पोचला. इमारत सापडली. लिफ्टच्या दारावर 'बंद आहे' असा कागद होता, तोही पिवळा पडलेला. तळमजल्यावरच्या हॉलचं दार उघडं होतं आणि आत माणसं गोल करून बसली होती. आता आणखी कुणाला काय विचारायचं? शिवाय आत पाऊल टाकताच नाकानं कौल दिला. दारूचा वास लपवायला सकाळी अकराला लवंग चघळणारी निदान तीन माणसं त्या खोलीत होती. माणसांच्या तोंडाशी वाकून जन्म काढलेलं नाक ते, चुकेल कसं? खोली बरोबर होती.

"ओळखपाळख नंतर करू, आधी सही," ढेरपोट्या म्हणाला. इथं कुणी नाव विचारत नाही, असं लेकीनं सांगितलंच होतं. उस्तादनं काहीतरी गिचमिड केली. ढेरपोट्यानं डोकी मोजली आणि टाळी वाजवली. "पंधरा! सुटलो बुवा, एकच माणूस कमी पडत होता. हं, आता कुणाला काही बोलायचंय?"

उस्ताद ताडकन उठला. आत्ता नाही तर कधीच नाही.

"मी पितो," तो म्हणाला. "रोज. उठल्या उठल्या. बायको होती तोवर चोरून प्यायचो. ती गेली, मग चोरायचं तरी कुणापासून? पिऊन गिऱ्हाइकाचा कान कापला. नात सहा आठवड्यांची झाली, अजून हातात घेतलेली नाही. लेक देत नाही, आणि बरोबर करते. मला थांबवता येत नाही हो. झालं, सांगितलं."

सह्यांची वही सांभाळणाऱ्या सेक्रेटरीबाईंनी वहीत मान घातली. शेवटी ढेरपोट्यानं घसा खाकरला.

"अहो, ही रहिवाशांची सभा आहे. लिफ्टच्या दुरुस्तीची. मी इथला चेअरमन. ते तुमचं चौथ्या मजल्यावर भरतं."

मेल्याहून मेल्यासारखं होऊन उस्ताद बाहेर पडला. एका बाजूला जिना होता, दुसऱ्या बाजूला रस्ता. गुडघे म्हणाले, कशाला चढायचं? चार माणसांसमोर कबूल करायचं होतं, आपण चौदांसमोर केलं. लेकीनं मजला थोडाच सांगितला होता? त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि तो रस्त्याकडे वळला.

"वर चाललात ना?"

मागे चेअरमन उभा होता. तोंडात लवंग होती आणि कपाळावर घाम. "वर्ष झालं, ती माणसं माझ्या दारावरून चढतात. चार पायऱ्या चढतो आणि परत फिरतो मी. एकट्याला जमत नाही हो."

उस्तादनं रस्त्याकडे पाहिलं. मग चेअरमनच्या हातांकडे पाहिलं. ती थरथर त्याच्या चांगल्या ओळखीची होती, रोज सकाळी आरशासमोर भेटायची.

"वरच चाललो होतो," तो धडधडीत खोटं बोलला आणि पहिली पायरी चढला.

दुसऱ्या मजल्यावर दोघं दम खायला टेकले, तर खालून चपला वाजल्या. सेक्रेटरीबाई आल्या. त्यांच्या मागे सभेतलेच, शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, कठडा धरून. बाईंनी पर्समधून लवंगांची पुडी काढली, जिन्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाल्या, "चला, अजून दोन मजले आहेत."

लिफ्टचा ठराव त्याही रविवारी झाला नाही. कोरमला चार माणसं कमी पडली. त्यातलं बाहेरचं फक्त एक होतं.